हात कोण हलवतं?

कंपवाताच्या माणसाला घरात हमखास ऐकावं लागतं, ‘अहो, हात जरा स्थिर ठेवा ना.’ जणू ठेवायचा म्हटला की राहतो! उलट कोणी बघतंय म्हटल्यावर थरथर वाढतेच. हालचाल म्हणजे इच्छेचा मामला, ही समजूत आपल्या डोक्यात घट्ट बसलेली आहे.

ती मोडण्यात सर्पगंधेच्या मुळीचा वाटा मोठा. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरचा गुण एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला. तीनच वर्षांत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी ते सशांना टोचलं. ससे कान पाडून जागच्या जागी थिजले. मग एल-डोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिता केला होता, एल-डोपाने तो भरून काढला. मधल्या वेळात सशांची इच्छाशक्ती कमी पडली, असं कोण म्हणेल? १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताने गेलेल्यांचे मेंदू तपासले, तर तिथेही डोपामिनचा खडखडाट.

मोबाइलवरच्या रील्सनी डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ करून टाकलंय. मेंदूच्या तळाशी त्याचं काम निराळं आहे: कोणती हालचाल सुटू द्यायची, कोणती अडवायची. ते आटलं की सदऱ्याचं बटण लावणं हे अर्ध्या तासाचं काम होतं. उलट त्याचा जोर वाढला की अंग नको तेव्हा नाचतं. कंपवातावर वर्षानुवर्षं एल-डोपा घेणाऱ्यांची मान-खांदे असेच वळवळू लागतात. हंटिंग्टनच्या आजारातल्या अशा हालचालींवर टेट्राबेनाझिन देतात. तेही रेसर्पिनसारखं डोपामिनचा साठाच कमी करतं. म्हणून मात्रा अगदी बेताबेताने वाढवायची. जास्त झाली की रोगी थिजतो.

मला जास्त काळजी वाटते ती साध्या गोळ्यांची. ॲसिडिटीच्या कित्येक कॅप्सूलांत लेव्होसल्पिराइड असतं, मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड देतात. दोन्ही डोपामिनची वाट अडवतात. महिनोन्महिने गोळी चालू राहते आणि एक दिवस आजी तोंडात काही नसताना चघळू लागते, ओठ सारखे हलतात. घरचे म्हणतात, वय झालं. वयाला बोल लावण्याआधी औषधांची पिशवी उपडी करून डॉक्टरांना दाखवावी. गोळी वेळीच थांबली तर बऱ्याच जणांचा त्रास ओसरतो. काहींचा मात्र कायमचा राहतो.