शोध कोणाचा?

सिन्नरच्या 'गारगोटी' खनिज संग्रहालयात काचेमागे कॅव्हन्साइट ठेवला आहे. पांढऱ्या स्फटिकांवर बसलेला गडद निळा गोळा. शेजारी ठिकाण लिहिलंय: वाघोली, पुणे.

आबा काचेला नाक लावून म्हणाले, "हा निळा मी पाहिलाय."

आबांनी वाघोलीच्या दगडखाणीत अकरा वर्षं काढली. सुरुंग उडाला की घणाने डबर फोडायचं आणि क्रशरकडे पाठवायचं. त्या खडीच्या पैशावर मी इंजिनिअर झालो.

हा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात झिरपणाऱ्या पाण्यातली द्रव्यं त्या पोकळ्यांत साचून त्यांचे स्फटिक झाले. आबांना यातलं काही माहीत नव्हतं. "दगड पोकळ निघाला की मुकादम शिव्या द्यायचा. कधी कोणी यायचं, चहापाण्याला पैसे देऊन बरे तुकडे न्यायचं. बाकी सगळं खडीत."

मग या निळ्याचा शोध कोणाचा? फोडणाऱ्याचा, की ओळखणाऱ्याचा?

माझ्या कामात हा प्रश्न पडत नाही. 'गिट ब्लेम' टाइप केलं की कोडची कुठली ओळ कोणी लिहिली ते नावानिशी कळतं. दगडांच्या जगात तसं नाही. पुढच्याच कपाटात ह्यूलंडाइट होता. ते नाव जॉन हेन्री ह्यूलंड या लंडनच्या खनिज-व्यापाऱ्यावरून १८२२ साली दिलेलं. जमवणाऱ्याचं नाव दगडाला मिळतं. घण मारणाऱ्याचं नाव मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मला राग आला. आबांना नाही आला. ते म्हणाले, "अरे, त्यांनी जपला म्हणून तर दिसतोय. आमच्या हातात राहिला असता तर रस्त्यात गेला असता."

हे खरं आहे, आणि म्हणूनच अडचणीचं आहे. ओळखणारी नजर नसती तर हा स्फटिक आज डांबराखाली असता. जपणाऱ्याचं श्रेय खोटं नाही. पण ती नजर येते कुठून? शाळेतून, पुस्तकांतून, निवांत वेळातून. आबांना यातलं काहीच मिळालं नाही. मला मिळालं, कारण ते घण मारत होते. ज्याला शिकायची संधीच नव्हती त्याला 'तुला कुठे किंमत कळत होती' असं म्हणणं हा हिशोब मला अप्रामाणिक वाटतो. न कळण्याची किंमत त्याने एकदा मजुरीत मोजली. श्रेयातही त्यालाच का मोजायला लावायची?

आबांच्या हातून फुटलेला दगड हाच, असं मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही, कारण कोणी लिहूनच ठेवलं नाही. मालकी, पैसे यांचा वाद मोठा आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण नोंद ठेवायला फार काही लागत नाही. खनिज, ठिकाण, आणि तिसरी ओळ: कोणाच्या हातून निघालं.

परतताना गाडीत मी फोनवर नोट उघडली आणि आबांना विचारलं, "तुमच्याबरोबर खाणीत कोण कोण होतं?"

ते नावं सांगत गेले. घोटीपर्यंत सतरा झाली होती.