अंधारातील निशाण्या



सूरह अल्-अनआमच्या ७६ व्या आयतीत हजरत इब्राहीम (अ. स.) मावळणाऱ्या ताऱ्याला पालनकर्ता मानण्यास नकार देतात. त्याच सूरहच्या ९७ व्या आयतीत अल्लाह सांगतो, की जमिनीवरील व समुद्रातील अंधारात मानवास मार्ग सापडावा म्हणून तारे निर्माण केले आहेत. या दोन आयती एकत्र वाचल्या म्हणजे ताऱ्याचे स्थान स्पष्ट होते. तो पूज्य नाही, भाग्यविधाताही नाही. तो अल्लाहच्या आज्ञेत असलेला वाटाड्या आहे. मग वर्तमानपत्रातील राशिभविष्य चाळणाऱ्या श्रद्धावंताने या वाटाड्याचे काय केले?

अरबी समुद्रातील खलाशांनी या देणगीचे चीज केले. ‘कमाल’ नावाच्या लहान लाकडी फळीच्या दोरीची गाठ दातांत धरून ते क्षितिजापासून ध्रुवताऱ्याची उंची मोजीत. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिद यांनी ही विद्या ग्रंथबद्ध केली. मोगल काळात बुऱ्हाणपूरहून सुरतेस जाणारा मार्ग आपल्या नंदुरबारवरून जाई आणि सुरतेहून हजची जहाजे सुटत.

आपल्या जिल्ह्यास समुद्र नाही, पण आकाश तेच आहे. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे जवळजवळ त्या स्थळाचे अक्षांश. नंदुरबार आणि मक्का ही दोन्ही शहरे सुमारे २१.४ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मक्केत ध्रुवतारा जितका उंच दिसतो, तितकाच तो आपल्या गच्चीवरूनही दिसतो!

मात्र विद्या सरावानेच टिकते. भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत वादळात सापडले व त्यांच्या पाठीच्या कण्यास गंभीर इजा झाली. तरीही २०२२-२३ मध्ये ते पुन्हा उतरले. उपग्रहाची मदत न घेता, सेक्स्टंटने सूर्य-तारे मोजीत, एकट्याने २३६ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून ते दुसरे आले. तो सेक्स्टंट पेटीत बंद राहिला असता, तर त्याने कोणती दिशा दाखविली असती?

जुजदानात बांधून फडताळावर ठेवलेल्या कुरआनविषयीही हाच प्रश्न आपण स्वतःस विचारावा. मार्गदर्शन घरात असणे निराळे, त्यानुसार रोज आपली दिशा तपासणे निराळे.

ईशाच्या नमाजनंतर मुलांना गच्चीवर न्यावे, ध्रुवतारा दाखवावा. त्याच्याकडे तोंड केले की डाव्या हातास पश्चिम, आणि किब्लाही जवळपास तिकडेच. मग घरात येऊन त्या दोन आयती अर्थासह वाचाव्यात.

अल्लाह आपणांस निशाण्या ओळखण्याची व सरळ मार्गावर चालण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.