शमन आणि शोधन

गोदाकाठी राहणाऱ्या माणसाच्या कानी 'शांती' हा शब्द इतक्या वेळा पडतो की त्याचा अर्थ आपणांस ठाऊकच आहे असे तो धरून चालतो. रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी आलेली मंडळी मृताच्या आत्म्यास शांती मागतात. त्र्यंबकेश्वरी दूरदूरच्या मुलखांतून आलेली कुटुंबे ग्रहांची आणि पितरांची शांती करवून घेतात. आणि बारा वर्षांनी सिंहस्थ आला म्हणजे लक्षावधी माणसे मनाचा दाह निवावा या आशेने याच पाण्यात उतरतात. या श्रद्धेत मी वाढलो आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु आपण जी शांती मागतो ती वेदना थांबण्याची, की वेदनेचे कारण नाहीसे होण्याची, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आला, आणि त्याचे उत्तर शोधताना मला सर्वांत अधिक साहाय्य झाले ते एका रोगाच्या अभ्यासाचे. त्या रोगाचे नाव उदरावरणदाह.

पोटाच्या पोकळीला आतून अस्तर लावणारे आणि जठर, आतडी, यकृत यांवर पांघरूण घालणारे एक पातळ, ओलसर, चकचकीत आवरण असते. त्याचे क्षेत्रफळ साऱ्या शरीराच्या त्वचेएवढे भरेल. आतल्या अवयवांवरचा त्याचा पदर दुःख मोघमपणे सांगतो, तर पोटाच्या भिंतीकडचा पदर नेमके बोट ठेवून सांगतो. म्हणूनच आंत्रपुच्छाला सूज आली म्हणजे वेदना आरंभी बेंबीभोवती घुटमळते आणि दाह भिंतीकडच्या पदराला भिडताच उजव्या कुशीत खाली स्थिर होते. हे आवरण जंतुरहित असते, आणि त्याची शुचिता नाना मार्गांनी भंगते. यकृत कठीण होऊन पोटात पाणी साठलेल्या रुग्णाला कोठेही छिद्र न पडता तेथे जंतुसंसर्ग होतो, तो प्राथमिक प्रकार. आंत्रपुच्छ फुटले, जठराचा व्रण आरपार गेला, दूषित पाण्यातून आलेल्या विषमज्वराने तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास लहान आतड्याच्या शेवटच्या भागास भोक पाडले, किंवा अपघातात आतडे फाटले, म्हणजे होतो तो दुय्यम प्रकार, आणि वाट्याला येणारी बहुतेक प्रकरणे याच सदरात मोडतात. इलाज होऊनही जो मिटत नाही किंवा उलटून येतो तो तिसरा. आणि क्षयाचे जंतू महिनोन्महिने गाजावाजा न करता जो घडवितात तो आणखी निराळा.

परंतु माझे चित्त खिळले ते या रोगाच्या क्रमावर. पोटशूळाचा रोगी अंथरुणात गडाबडा लोळतो. याचा रोगी मात्र गुडघे पोटाशी घेऊन निश्चल पडून राहतो, कारण श्वासाची हालचालही त्याला सोसत नाही. पोट लाकडी फळीसारखे ताठ होते, आणि वैद्याने दाबले त्याहून दाबलेला हात उचलताना ते अधिक दुखते. मग काही तास लोटतात आणि पुष्कळदा एक विलक्षण गोष्ट घडते, ती म्हणजे कळ ओसरते. फुटलेल्या आंत्रपुच्छातील ताण मोकळा झालेला असतो, किंवा जठरातून सांडलेले आम्ल पोटात पाझरलेल्या द्रवाने सौम्य झालेले असते. घरची माणसे देवापुढे साखर ठेवतात, आणि पेठ-सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरून नाशिकच्या इस्पितळाकडे निघालेली गाडी 'आता उतार पडला' म्हणून माघारी वळण्याचा धोका असतो तो नेमक्या याच घटकेला. आत मात्र जंतू पसरत असतात. आतड्यांची हालचाल थांबून पोट मुके होते, इतके की नळी लावून ऐकणाऱ्याच्या कानी काहीच पडत नाही. रक्तातील पाणी पोटात झिरपते, नाडी धावू लागते, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे थकतात, आणि ज्या स्वस्थतेला आप्तांनी आराम मानले ती अंताची पूर्वतयारी ठरते.

दुःखाची निवृत्ती हे आपल्या दर्शनांचे मोठे प्रयोजन. सांख्यकारिकेचा आरंभच त्रिविध दुःखाच्या आघातापासून होतो. पण त्या दर्शनाला हवी असलेली निवृत्ती ऐकांतिक आणि आत्यंतिक, म्हणजे निश्चित आणि पुन्हा न उलटणारी आहे, हे आपण सोयीने विसरतो. आयुर्वेदाने हाच भेद शमन आणि शोधन या दोन शब्दांत मांडला. लंघन-पाचनाने जिंकलेले दोष कधीकाळी पुन्हा उसळतात, शोधनाने निघालेले पुन्हा उद्भवत नाहीत, असा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अभिप्राय आहे. सुश्रुताने तर आतड्यास छिद्र पडले असता उदर उघडून, छिद्राच्या कडा जुळवून त्यांवर मोठ्या काळ्या मुंग्यांकडून दंश करवावा आणि मुंग्यांची धडे तोडून डोकी टाक्यांसारखी ठेवावी, असा विधी सांगितला. याउलट एकोणिसाव्या शतकात याच रोगावर पाश्चात्त्य वैद्य अफू देत असत; तीही शांतीच होती. आज तपासणी चालू असताना वेदना कमी करण्याची मुभा शास्त्राने दिली आहे, पण कारणाचा शोध तहकूब करण्याची दिलेली नाही. आणि शोधनाचे नाव घेणारे सारेच शोधन नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. दुखत्या पोटावर घरी दिलेले एरंडेल सुजलेले आंत्रपुच्छ फोडण्यास कारण होऊ शकते.

या संदर्भात मला महात्मा गांधींचे स्मरण होते. 1909 साली 'हिंद स्वराज्या'त त्यांनी वैद्यकीवर कठोर टीका केली. मनुष्य अतिरेकाने खातो, वैद्य गोळी देऊन त्याला बरे करतो, आणि तो पुन्हा अतिरेकास मोकळा होतो, हा त्यांचा आक्षेप. पुढे येरवड्याच्या तुरुंगात कैदी असता त्यांना आंत्रपुच्छाचा दाह झाला, आणि 12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून इस्पितळात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. सरकारच्या कैद्याने सरकारच्याच शल्यवैद्याच्या हाती आपला देह विश्वासाने सोपविला. पुढे गांधींनी ही संमती आपल्या मनाची दुर्बलता मानली. येथे मात्र, त्यांच्याविषयीचा सारा आदर राखून, मला त्यांच्याशी सहमत होता येत नाही. 1909 चा त्यांचा आक्षेप शमनावर होता आणि तो खरा होता. 1924 साली त्यांनी स्वीकारले ते शोधन होते. शस्त्र वेदना निववीत नाही, आणखी एक वेदना देते. मात्र ती देताना मूळ उपटून काढते.

धर्माचे सांगणे याहून निराळे नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांत आपल्या दुष्कृत्याचा स्वमुखाने उच्चार आणि अनुताप यांना स्थान आहे, आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चयही तेथे सांगितला आहे. वाटणीच्या तंट्यात एका भावाने दुसऱ्याचा हिस्सा दाबला, दोघांत अबोला पडला, भांडणाचा आवाज थांबला, म्हणजे त्या घरात शांती नांदली असे म्हणता येत नाही. ते मुके पोट आहे. अशा घरातल्या माणसाने रामकुंडात अवश्य बुडी मारावी, परंतु बुडीपूर्वी तो हिस्सा परत करावा, आणि ते करताना जी लाज वाटेल ती सोसावी, कारण तेच त्याचे शस्त्रकर्म आहे.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण कण्हत असतो, टाके ओढत असतात, आणि तरीही परिचारिका रोज सकाळी येऊन त्याला एकच साधा प्रश्न विचारते, 'वारा सरला का?' मुक्या पोटात पुन्हा गुरगुर ऐकू आली, वायू सरला, म्हणजे साऱ्या कक्षात समाधान पसरते. दुखणे अजून उरलेले असते. पण थांबलेले आतडे हलू लागलेले असते. खऱ्या शांतीची खूण मला याच आवाजात सापडली, आणि भावाभावांतला अबोला संपून त्या घरातून पहिला शब्द, मग तो रागाचा का असेना, ऐकू येतो तेव्हाही मला तीच खूण पटते.