‘त्यात मानसं होती का रे?’

डिसेंबरातील एका सायंकाळी नाताळपूर्व घरभेटीसाठी कुरखेड्यातील एका कुटुंबात गेलो होतो. नागपूरला अभियांत्रिकी शिकणारा नातू सुट्टीत घरी आला होता आणि संगणकावर पाणबुडीचा खेळ खेळत होता. समुद्रापासून शेकडो कोस दूर, सती नदीच्या काठी वसलेल्या या गावात अटलांटिक महासागर एका लहानशा खोलीत मावला होता, याचे मला कौतुक वाटले. मी त्याच्या शेजारी बसलो.

त्याने मला सारे शास्त्र समजावून सांगितले. पाण्याच्या उष्ण व थंड थरांच्या सीमेखाली उतरले की शत्रूच्या सोनारचे ध्वनी वाकतात आणि पाणबुडीला लपता येते. पेरिस्कोप क्षणभरच वर काढायचा. जहाजाचा वेग, अंतर आणि आपल्या दृष्टिरेषेशी होणारा त्याचा कोन ही मापे घ्यायची व मगच पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडायचा. तो जहाजाच्या कुशीवर आदळण्यापेक्षा तळाखाली फुटावा. स्फोटातून निर्माण होणारा वायूचा प्रचंड बुडबुडा जहाजाला मधोमध वर उचलतो. तो आकसला की मधला भाग निराधार होतो आणि स्वतःच्याच वजनाने जहाजाचा कणा मोडतो. कोणत्या कप्प्यात किती पाणी शिरले, याचा हिशेब यंत्र ठेवते. जहाज बुडाले की त्याचे टन खेळाडूच्या नावे जमा होतात.

पाणतीर सुटला. तो सेकंद मोजू लागला आणि नकळत मीही श्वास रोखला. पडदा उजळला, जहाज दुभंगले आणि माझ्या तोंडून उद्गार निघाला, “वा!”

आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलेल्या आजीने विचारले, “त्यात मानसं होती का रे बाबू?”

नातू हसला. “खोटं आहे ते, आजी. नुसते आकडे आहेत.” आजी पुन्हा सुपाकडे वळली. तिचा प्रश्न मात्र माझ्यासोबत धर्मग्रामाच्या घरापर्यंत आला.

नातवाचे म्हणणे खोटे नव्हते. त्या खेळात कोणाचाही जीव गेला नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ व विनोद यांना मनाची विश्रांती मानले आहे. खेळकरपणाचा पूर्ण अभाव हा त्यांच्या मते दोषच होय. तेव्हा खेळ पाहिला की पाप शोधणे, ही आपल्या परंपरेची रीत नव्हे. परंतु याच संतांनी आणखी एक सूक्ष्म भेद केला आहे. मनात एखाद्या वाईट कृत्याचा विचार आला असता होणारा आनंद दोन प्रकारचा असू शकतो. एक, विचार करण्याचाच आनंद. दुसरा, ज्या कृत्याचा विचार चालला आहे त्या कृत्याचा आनंद. पहिल्यात बुद्धी रमते. दुसऱ्यात हृदय संमती देते. कोन बरोबर काढल्याचा नातवाचा आनंद पहिल्या प्रकारचा असेल. मग माझे ‘वा’ कोणत्या प्रकारचे? मी तर कोणताच कोन काढला नव्हता. मी केवळ जहाज दुभंगताना पाहिले होते.

येथे मला अलीपियस आठवला. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये आपल्या या मित्राची हकिकत सांगितली आहे. रोममध्ये सोबत्यांनी त्याला ओढत मल्लयोद्ध्यांच्या प्राणघातक झुंजी पाहावयास नेले. तो डोळे मिटून बसला. एक योद्धा पडला, जनसमुदाय गर्जला, कुतूहलाने त्याचे डोळे उघडले आणि पाहता पाहता तो त्या रक्ताने धुंद झाला. पुढे तो स्वतःच इतरांना तेथे नेऊ लागला. हाच अलीपियस नंतर बिशप झाला, ही आपल्यासारख्यांना दिलासा देणारी गोष्ट. पण त्याची शस्त्राशी ओळखही नव्हती. तो फक्त पाहणारा होता, हे विसरता येत नाही.

खऱ्या पाण्यात काय घडते? ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आपल्या नौदलाच्या ‘किरपाण’ व ‘खुकरी’ या युद्धनौकांवर मारा केला. ‘किरपाण’वर सोडलेला पहिला पाणतीर फुटलाच नाही. दुसऱ्याने ‘खुकरी’ काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले आणि ते नौकेवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दीव येथे ‘खुकरी’चे स्मारक आहे. त्याच युद्धात, त्याच महिन्याच्या आरंभी, विशाखापट्टणमजवळ ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी बुडाली. तिच्यातील नव्वदहून अधिक माणसांपैकी एकही वाचला नाही. ‘खुकरी’साठी आपले डोळे भरतात. ‘गाझी’चे नाव निघाले की आपण विजयाने बोलतो. आजीचा प्रश्न मात्र दोन्ही नौकांना एकच आहे.

‘हँगोर’वरील माणसे दुष्ट होती, असे मला म्हणायचे नाही. उघड युद्धात युद्धनौकेने युद्धनौकेवर केलेला हल्ला युद्धाच्या नियमांत बसतो. कर्तव्य बजावणाऱ्यालाही हा प्रश्न ऐकू येऊ शकतो, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. १२ सप्टेंबर १९४२ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये ‘यू-१५६’ या जर्मन पाणबुडीने ‘लॅकोनिया’ हे ब्रिटिश जहाज बुडवले. पाणबुडी वर आली तेव्हा कप्तान वेर्नर हार्टेनश्टाइन यांच्या कानी इटालियन भाषेतील हाका आल्या. जहाजात शेकडो इटालियन युद्धकैदी होते. त्यांनी बुडणाऱ्यांना, ब्रिटिशांसह, पाणबुडीवर घेतले, जीवनौका दोरांनी ओढल्या आणि मदतीस येणाऱ्या जहाजांवर हल्ला करणार नाही, असा इंग्रजी संदेश उघडपणे प्रसारित केला. चार दिवसांनी एका अमेरिकन विमानाने त्या पाणबुडीवरच बाँब टाकले. त्यानंतर जर्मन पाणबुडीदलाच्या प्रमुखांनी अशी सुटका करण्यास मनाई केली. हाका ऐकू आल्या की युद्धाचे यंत्र अडखळते; म्हणून हाका ऐकण्यावरच बंदी आली.

वाचक म्हणतील, फादर, समुद्राच्या गोष्टी आम्हा जंगलातल्या माणसांना कशाला? पण खालून येणारा स्फोट आपल्याला अनोळखी नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, आपल्याच तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी रस्त्यात पेरलेल्या सुरुंगाने पोलिसांचे वाहन उडवले. १५ पोलीस आणि वाहनाचा चालक ठार झाले. दबा धरून बसलेल्यांच्या दृष्टीला ते एक वाहन होते. त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये भामरागडच्या बाजूस कसनासूर-बोरियाच्या जंगलात चकमक झाली. मग इंद्रावतीच्या पात्रातूनही नक्षलवाद्यांचे मृतदेह काढण्यात आले. दररोज वाढणारा तो आकडा आपण वर्तमानपत्रात चहा घेता घेता वाचला. सुरुंग पेरणाऱ्याचा अपराध आणि कायद्याने नेमलेल्या शिपायाचे कर्तव्य यांना मी एका तागडीत टाकीत नाही. परंतु आकडा वाचून मनात जे ‘वा’ उठते, त्याचा जाब प्रत्येकाला स्वतःच्या विवेकापुढे द्यावाच लागेल. मला तो पापनिवेदनाच्या वेळी द्यावा लागला.

म्हणून पालकहो, मुलांच्या हातून असे खेळ हिसकावून घ्या, असे मी सांगणार नाही. हिसकावलेली वस्तू दाराआड खेळली जाते. त्यांच्या शेजारी बसा, त्यांचे कौशल्य समजून घ्या, आणि आजीने विचारले ते विचारा. यंत्राच्या हिशेबात टन असतात. माणसांचा रकाना भरणे घरातल्या माणसांचे काम आहे.

नाताळनंतर पुन्हा त्या घरी गेलो. खेळ सुरूच होता. मी त्याला एवढेच विचारले, “या जहाजावर खलाशी किती?” त्याने पडद्यावर बराच शोध घेतला. “टन दिले आहेत, फादर. खलाशी दिलेले नाहीत.” मग त्याने ‘खुकरी’विषयी विचारले आणि मी त्याला ठाऊक होते तेवढे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मी निघालो तेव्हा अंगणात अंधार पडला होता. मागून स्फोटाचा आवाज आला आणि पाठोपाठ आजीचा तोच प्रश्न. या वेळी तो हसला नाही.

“होती, आजी,” तो म्हणाला.