रंगाआधीची भिंत

घर उभं राहिलं आहे. गवंडी गेले, रंगारी अजून यायचे आहेत. या मधल्या दिवसांतली एक सकाळ मोकळी ठेवा आणि नव्या घरात एकटेच जा. खुर्ची नेऊ नका. जमिनीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर बसा आणि सावकाश श्वास घ्या. सिमेंटचा आणि ओल्या वाळूचा वास अजून येतो आहे का, तेवढंच बघा.

आता तळहात गिलाव्यावर टेकवा. गार लागेल. गार लागली म्हणजे भिंत ओलीच आहे असं नाही, म्हणून लगेच काही ठरवू नका. हात उचला आणि खिडकीशेजारी ठेवा. मग दारामागे ठेवा, मग खाली जमिनीलगत. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवरही ठेवा. कुठे रंग फिका झाला आहे, कुठे अजून काळपट आहे, ते डोळ्यांनी बघा आणि हाताने पडताळा. घाई नाही. एकच भिंत किती ठिकाणी किती वेगळी लागते, हे कळेपर्यंत बसा.

या भिंतीत पाणी किती गेलं, ते आठवा. विटा लावण्याआधी भिजवल्या. माल पाण्यात कालवला. गिलावा झाल्यावर निदान सात दिवस रोज पाणी मारलं. सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. म्हणून ते पाणी देणं हे आपलं कर्तव्यच होतं. आता त्यातलं उरलेलं पाणी बाहेर पडायचं आहे आणि त्याला वाट एकच, हा समोरचा पृष्ठभाग. खिडक्या उघड्या ठेवणं, एवढंच आपल्या हातात आहे.

इथे मनात घाई उठेल. उठू द्या. इकडे कर्जाचा हप्ता सुरू झालाय, तिकडे भाडं चालूच आहे, वास्तुशांतीचा दिवस ठरलाय, पाहुण्यांना कळवून झालंय. ही घाई खोटी नाही आणि तिची लाज वाटण्याचं कारण नाही. फक्त तिचा भार भिंतीवर टाकू नका. पूजेला रंगीत भिंत लागत नाही. पांढऱ्या प्राइमरच्या खोलीतही कलश मांडता येतो. माझं मत विचाराल तर प्राइमरवर पाण्यातल्या साध्या पांढऱ्या रंगाचा एक हात देऊन राहायला जावं आणि पक्का रंग एक पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास काढावा. कुठल्या कोपऱ्यात ओल येते, खिडकीच्या कोणत्या कडेतून पाणी झिरपतं, हे पहिला पाऊस दाखवतो. त्याआधी महागडा रंग लावणं मला पटत नाही.

भिंत सुकली की नाही अशी शंका असेल तर एक साधी परीक्षा आहे. फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दुसऱ्या दिवशी या. आतून दव धरलं असेल तर थांबा.

ताज्या सिमेंटमध्ये क्षार तीव्र असतो, त्याचा पीएच १२च्या वर जातो. ओल्या गिलाव्यावर तेलाचा रंग लावला, की या क्षारामुळे तेलाचा साबण होतो. रंग चिकट राहतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. दिवस जातात तसा हवेतला कार्बन डायॉक्साइड भिंतीतल्या चुन्याला भेटतो आणि वरच्या थराचा जोर हळूहळू उतरतो. फ्लॅटमध्ये जिप्समचा गिलावा असेल तर त्याला पाणी मारायचं नसतं, तो अर्ध्या तासात घट्ट होतो. पण घट्ट होणं वेगळं आणि सुकणं वेगळं. वाट त्याचीही पाहावी लागते.

आता भिंतीच्या अगदी जवळ या. जमिनीपासून वीतभर उंचीवर पांढरी बारीक लव दिसते का? बोटाने पुसा. पीठ नाही ते, खार आहे. विटेतले, वाळूतले क्षार पाण्याबरोबर वर आले, पाणी उडून गेलं, क्षार राहिले. ते धुऊ नका, धुतले की विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा आणि काही दिवसांनी पुन्हा बघा. परत आले, तर आत पाणी अजून चालतं आहे. कुठून येतं ते शोधायचं, वरून पुट्टी फासून झाकायचं नाही.

उठा आणि भिंतीकडेने चालत बोटाच्या पेराने टिचकी मारत जा, कलिंगड पारखतो तशी. भरीव आवाज येत राहील. मध्येच एखाद्या जागी बद्द, पोकळ आवाज येईल. तिथे गिलाव्याने विटेला धरलेलं नाही. पेन्सिलीने गोल करा. तेवढा भाग फोडून पुन्हा भरावा लागेल. बीम आणि वीट जिथे भेटतात, तिथली आडवी भेगही बघा. दोन्ही उन्हात सारखे फुगत नाहीत, म्हणून जोडावर जाळी हवी असते. विजेच्या पाइपसाठी मारलेल्या झिऱ्यांवरून बोट फिरवा.

रंगाआधी भिंतीची अशीच तयारी अजिंठ्याच्या कारागिरांनीही केली. त्यांनी खडकाचा पृष्ठभाग खरबरीत राखला, त्यावर भुसा आणि वनस्पतींचे तंतू घातलेल्या मातीचा गिलावा दिला, वर चुन्याचा पातळ थर दिला आणि तो सुकल्यावर रंग हाती घेतला. पंधराशे वर्षांनी आपण चित्रं बघतो. जिथे चित्र गेलं आहे, तिथे बहुधा खालच्या थरानेच साथ सोडलेली असते.

शेवटी खोलीच्या मधोमध उताणे पडा आणि छताकडे बघा. भिंतीवर गिलावा साधारण १२ मिलिमीटर असतो, छताला त्याच्या निम्मा. पुट्टीचे दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या आत. एवढ्याशा जाडीत सगळी सफाई आणायची असते. उद्या कोणीतरी घोडीवर उभं राहून मान मागे टाकून हे छत पॉलिश पेपरने घासेल. कडेने दिवा धरून उंचवटे शोधेल. पांढरी भुकटी त्याच्या डोळ्यांत, नाकात, पापण्यांवर पडेल. डोळे मिटा आणि तो हात थोडा वेळ मनात फिरू द्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चांगले मास्क आणि चष्मे आपणच आणून ठेवावेत. मजुरी ठरवताना छताच्या घासाईचे दिवस वेगळे धरावेत, आणि प्राइमर लावण्याआधी भुकटी पुसून काढायला अर्धा दिवस मागितला, तर तो द्यावा.