गुन्हा डोळ्यांनी पाहिलेला प्रेक्षक

मार्व्हल कॉमिक्समधला पनिशर १९७४ साली स्पायडर-मॅनच्या एका अंकात पहिल्यांदा आला. कुटुंबाची हत्या झालेला हा माजी सैनिक गुन्हेगारांना कोर्टापुढे उभं करत नाही, ठार मारतो. त्याच्या छातीवरची पांढरी कवटी पुढे अमेरिकी सैनिकांनी आपलीशी केली. मग ती काही पोलिसांच्या गणवेशावर आणि गाड्यांवरही आली. या पात्राचे एक जनक जेरी कॉनवे यांना ते असह्य झालं. न्यायव्यवस्था हरल्याची खूण कायद्याच्या रक्षकांनीच मिरवावी, ही त्यांची वेदना होती. २०१९च्या एका अंकात तर पनिशर स्वतःच पोलिसांना सुनावतो, की आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिका आहे. तरीही कवटी उतरली नाही.

ती उतरत नाही, कारण ही कथा वाचकाला एक फार मोठी गोष्ट फुकट देते: खात्री. खून आपल्यासमोर, त्याच पानावर झालेला असतो. खुन्याचा चेहरा आपण पाहिलेला असतो. त्यामुळे नायकाची गोळी सुटते तेव्हा मनात शंकेला जागाच नसते. तपास अधिकाऱ्याला किंवा न्यायाधीशाला ही सोय कधीच नसते. त्यांच्या हाती असतो एक पंचनामा, एखादा फितूर होणारा साक्षीदार, आणि समोर असा माणूस, जो कदाचित निर्दोष असेल. वर्षानुवर्षं अशा कथांवर पोसलेल्या समाजाला हा ‘कदाचित’ सोसवत नाही. जो नेता किंवा अधिकारी तो झटकून टाकतो, तो त्याला शूर वाटू लागतो. या कथांचा खरा राजकीय परिणाम मला इथे दिसतो.

सुपरहिरोंच्या कथांची सुरुवात अशी नव्हती. जेरी सीगल आणि जो शूस्टर या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी घडवलेला सुपरमॅन १९३८ मध्ये छापून आला. पहिल्याच कथेत तो काय करतो? खऱ्या खुनी स्त्रीचा सही केलेला कबुलीजबाब घेऊन रात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो आणि एका निर्दोष बाईचा मृत्युदंड थांबवतो. दार तो तोडतोच. पण आत जातो तो पुरावा घेऊन, आणि निर्णय गव्हर्नरवर सोडतो. या प्रसंगात त्याचं सारं बळ एक जीव वाचवण्यासाठी खर्च होतं.

आपल्याकडे उडणाऱ्या नायकाची जागा वर्दीतल्या नायकानं घेतली. ‘सिंघम’ हा चित्रपट २०११ मध्ये आला आणि त्यातल्या पोलीस नायकाचं, बाजीराव सिंघमचं, नाव धडाकेबाज अधिकाऱ्यांसाठी कौतुकानं वापरलं जाऊ लागलं. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये याच चित्रपटाचं नाव घेऊन सांगितलं, की झटपट न्याय करणाऱ्या पोलिसाची ही प्रतिमा घातक संदेश देते. पडद्यावरचे न्यायाधीश भित्रे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले दाखवले जातात, हेही त्यांनी नोंदवलं. कोणाचंही स्वातंत्र्य सहज हिरावलं जाऊ नये, म्हणून न्यायाची प्रक्रिया संथ असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

तारखांवर तारखा सोसणाऱ्या माणसाला हे पटवणं कठीण आहे. त्याचा संताप खरा आहे आणि त्याची थट्टा कुणी करू नये. पण त्यावरचा इलाज न्यायाधीशांची रिक्त पदं भरण्यात, सक्षम तपासात आणि साक्षीदाराच्या संरक्षणात आहे. ते काम सरकारकडे हक्कानं मागावं लागतं, पुन्हापुन्हा, आणि त्याला कुणी शिट्ट्या वाजवत नाही.