वॉर्डात राहून गेलेला अभ्यास

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या एका कुटुंबातले चौघे सौदी अरेबियाहून परतले आणि कोविडबाधित निघाले. थोड्याच दिवसांत त्यांच्या नात्यागोत्यातला आकडा पंचविसाच्या घरात गेला. मिरजेचं सिव्हिल हॉस्पिटल कोविडसाठी राखून ठेवलं, बाकीचे रुग्ण सांगलीला हलवले. निर्णय योग्यच होता. पण मिरजेचं सिव्हिल म्हणजे १९६२ पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा वर्गही आहे. ज्या खाटांवर एकाच आजाराचे रुग्ण आहेत, त्यांच्याभोवती फिरणारा विद्यार्थी तेवढा एकच आजार शिकतो.

‘साथीत राबली ती पोरं, म्हणजे अनुभव मिळालाच की,’ असं सगळेच म्हणतात. मला ते अर्धंच पटतं.

रुग्ण तपासायची एक रीत आहे. आधी नीट बघायचं, मग हात लावायचा, बोटांनी ठोकायचं आणि शेवटी स्टेथोस्कोपने ऐकायचं. पीपीई किट चढवलं की यातलं बघणंच काय ते उरतं, तेही धड नाही, कारण गॉगलला आतून वाफ धरते. दोन-दोन हातमोज्यांतून पोटाचा कडकपणा कळत नाही. कानांवरून हूड ओढलेला असताना स्टेथोस्कोप घालायचा कुठे? मग निवासी डॉक्टर बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आणि सीटीच्या स्कोअरवर विसंबून राहिले. दुसरा इलाज नव्हता. पण दम्याची शीळ आणि न्यूमोनियाची कुरकुर यांतला फरक ज्या वर्षांत कानाला बसायचा, ती वर्षं अशी गेली.

शस्त्रक्रियेच्या विद्यार्थ्यांचं नुकसान याहून मोठं. तातडीच्या सोडून बाकीच्या शस्त्रक्रिया थांबल्या, आणि हर्निया, पित्ताशय शिकायला आलेल्यांनी महिनोन्महिने ऑक्सिजनचे फ्लोमीटर सांभाळले. त्यात १८ एप्रिल २०२१ ची नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा लांबत ११ सप्टेंबरला झाली. पुढे प्रवेशफेऱ्या आरक्षणाच्या वादात सर्वोच्च न्यायालयात अडकल्या, त्या सुरू झाल्या जानेवारी २०२२ मध्ये. तोवर पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांची तुकडी वॉर्डात आलीच नाही. तीन तुकड्यांचं काम दोन तुकड्यांनी ओढलं. आपल्याकडे तर जून-जुलै २०२१ मध्ये, राज्यात लाट ओसरत असताना, सातारा-सांगलीतले रुग्ण हटेनात. साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तोवर हाताशी विद्यार्थीच नव्हते. एमबीबीएसची शंभर जणांची पहिली तुकडी २०२१-२२ च्या प्रवेशातली.

३ मे २०२१ रोजी केंद्राने इंटर्नना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविड ड्युटी द्यायला सांगितलं. कागदावर अट चोख आहे. भरलेल्या वॉर्डात देखरेख करायला वरिष्ठ मोकळे होते कुठे?

आणि मृत्यूची बातमी देणं. नातेवाईक फाटकाबाहेर किंवा गावी, म्हणून फोन करायचा तो ड्युटीवरच्या सर्वांत तरुण डॉक्टरने. पलीकडे फोन बायको उचलेल की शाळकरी मुलगा, ते माहीत नाही. संवादाचा आणि नैतिकतेचा ‘एटकॉम’ हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आला २०१९ च्या प्रवेशापासून; २०२० मध्ये फोन हातात धरलेली मुलं त्याआधीची होती. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि नंतर त्यांच्याजवळ बसून कुणी विचारलंही नाही. मला याचा राग येतो.

इंटर्नशिप संपली की बंधपत्राचं वर्ष. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने उभं राहायचं. शिराळ्याकडे साप चावलेला माणूस येईल, जतकडे अडलेली बाळंतीण. प्रसूतिगृहाचे आठवडे कोविड सेंटरमध्ये गेलेल्या डॉक्टरने तिथे काय करायचं? महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार बसवला तो रुग्णांच्या उशाशी बसून. त्या बसण्याला पर्याय नाही, आणि ऑनलाइन व्याख्यान तर नाहीच नाही.

हे अजूनही भरून काढता येईल. २०२० ते २०२२ मधल्या इंटर्न आणि निवासी डॉक्टरांना काय राहून गेलं ते लिहून द्यायला सांगावं, आणि ज्यांना हवं त्यांना तीन महिने पगारासकट प्रसूतिगृहात, शस्त्रक्रियागृहात, बालरोगाच्या वॉर्डात वरिष्ठांच्या हाताखाली ठेवावं. मिरज, सांगली, सातारा, तिन्हीकडे त्यासाठी लागणारे रुग्ण आहेत. अर्जाची वाट मात्र बघू नये. ‘मला हे येत नाही’ असं सहीनिशी लिहून देणाऱ्या डॉक्टरला नोकरीची धास्ती वाटणारच, तेव्हा ही माहिती गोपनीय राहील असं आदेशातच लिहावं आणि बोलावणं शासनाने स्वतःहून पाठवावं.